काट्यावरचा आकडा आणि घरातले ताट

मुंबईच्या उपनगरी रेल्वेस्थानकांवर पूर्वी वजनाची रंगीबेरंगी यंत्रे उभी असत. नाणे टाकले की दिवे लुकलुकत, चक्र फिरे आणि जाड कागदाचे एक चिमुकले तिकीट खाली पडे. त्यावर वजनाबरोबर भविष्यही छापलेले असे. ती यंत्रे आता बहुतेक ठिकाणी दिसेनाशी झाली. परंतु वजनाच्या आकड्यात माणसाचे भवितव्य शोधण्याची आपली खोड काही गेलेली नाही. उलट, जठर लहान करून लठ्ठपणा उतरविण्याची शस्त्रक्रिया मध्यमवर्गीय घरांच्या आटोक्यात आल्यापासून या खोडीस एक नवेच रूप प्राप्त झाले आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच एक आकडा मनाशी ठरविला जातो, तो दिवाणखान्यात, स्वयंपाकघरात, फोनवर सर्वांस सांगितला जातो. आणि मग शस्त्रक्रियेचे यशापयश त्या एका आकड्यावर जोखले जाते. हा आकडा येतो कोठून, तो गाठला जातो की नाही, आणि गाठला गेला अगर न गेला तर घरातील माणसांनी काय करावयाचे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. ते साकीनाक्यास राहते असे समजा. अंधेरी-कुर्ला रस्त्यावरची ही वस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांस तिचे वर्णन करावयास नको: डोक्यावरून २०१४ सालच्या ८ जूनपासून धावू लागलेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो, खाली मालमोटारी, रिक्षा आणि बस यांचा न सुटणारा गुंता, एका बाजूस खैरानी रस्त्यावरील कारखाने व फरसाणाच्या भट्ट्या, दुसऱ्या बाजूस चांदिवलीकडे वाढलेले उंच गृहसंकुल आणि काचेच्या भिंतींच्या कचेऱ्या. या घरात सासू-सासरे आहेत, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन मुले आहेत. थोरल्या सूनबाईंचे वय अडतीस, उंची १६० सेंटिमीटर आणि वजन १०५ किलो. कचेरीत दहा तास खुर्चीवर, घरी आल्यावर ओट्याशी. मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात, रात्री घोरण्यात मध्येच श्वास अडकतो. सर्व उपाय करून झाले आहेत. काढे झाले, भात सोडून झाला, व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी भरून झाली. दहा किलो उतरले आणि बारा किलो परत आले. अखेर शस्त्रवैद्यांचा सल्ला घेतला जातो आणि घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो हा: "किती किलो होणार?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी 'योग्य वजन' ही कल्पना जगात कशी आली हे पाहणे मनोरंजक आहे. तिचा जन्म वैद्याच्या घरी झालेलाच नाही. बेल्जममधील आडॉल्फ केटले नावाचा एक ज्योतिर्विद होता. आकाशातील ग्रहगोलांप्रमाणे माणसांच्या समूहालाही गणिताचे नियम लागू पडतात काय, हे तो पाहत होता. आणि १८३२ साली त्याने असे दाखविले की मोठ्या माणसांचे वजन त्यांच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कोणा एका माणसाने किती वजनाचे असावे हे सांगण्याचा त्याचा हेतूच नव्हता. पुढे अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन विमा कंपनीने १९४० नंतरच्या वर्षांत आपल्या विमेदारांच्या आयुर्मर्यादेवरून उंची-वजनाची कोष्टके छापली. कोणत्या वजनाची माणसे लवकर मरून कंपनीस तोट्यात घालतात, हा त्या कोष्टकांमागचा प्रश्न. दवाखान्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे टांगलेले 'आदर्श वजनाचे' तक्ते या हिशेबातून निघाले. केटलेच्या प्रमाणास 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव तर १९७२ साली अमेरिकन शास्त्रज्ञ आन्सेल कीज याने दिले. किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावयाचे, की तो अंक निघतो. आमच्या सूनबाईंचा अंक ४१ येतो. पाश्चात्यांत २५ च्या पुढे वजन जास्त व ३० च्या पुढे लठ्ठपणा मानितात. भारतीयांसाठी २००९ साली येथील तज्ज्ञांनी एकत्र बसून या मर्यादा अनुक्रमे २३ व २५ अशा खाली आणल्या.

त्या खाली का आणाव्या लागल्या, याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच सापडते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय देहाच्या या वैशिष्ट्याचा अभ्यास करण्यात उभी हयात घालविली आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या विख्यात नियतकालिकात त्यांनी आपले स्वतःचे आणि लंडनमधील सहकारी प्रा. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स तंतोतंत एक, २२.३. म्हणजे काट्याच्या मते दोघेही सारखे. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची शेकडा २१.२ भरली! दिसावयास सडपातळ, पण आत मेदाचा साठा, असा हा भारतीय देह. आपल्याकडे पोटाचा घेर थोडासा सुटला तरी मधुमेह दाराशी येऊन उभा राहतो तो यामुळे. मूळ प्रश्नाच्या दृष्टीने मात्र या छायाचित्राचा बोध निराळा आहे. काटा हाडे, मांस, पाणी आणि चरबी यांत भेद करीत नाही. दोन माणसांचा आकडा एक असून त्यांची प्रकृती दोन टोकांची असू शकते, आणि एकाच माणसाचा आकडा खाली आला तरी काय उतरले हे काटा सांगत नाही. मांस उतरले असेल तर ती कमाई नव्हे, खर्च होय.

आता शस्त्रक्रियेविषयी थोडक्यात. लठ्ठपणासाठी आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्नास जवळची वाट करून देण्याचा पहिला प्रयोग १९५४ च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटा येथे झाला. त्याचे दुष्परिणाम इतके झाले की ती पद्धत सोडून द्यावी लागली. आयोवातील डॉ. एडवर्ड मेसन यांच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. जठरातील व्रणासाठी ज्यांच्या जठराचा भाग कापून काढावा लागे, ती माणसे पुढे बारीकच राहत. त्यावरून १९६६ साली त्यांनी जठरास वळसा घालणारी 'गॅस्ट्रिक बायपास' शस्त्रक्रिया केली. आज सर्वांत अधिक होते ती 'स्लीव्ह' म्हणजे बाहीसारखे जठर करण्याची. तीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात आणि एक अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवितात. पोटास चार-पाच भोके पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने हे काम होते. नावाजलेल्या केंद्रांत या शस्त्रक्रियेत दगावण्याचे प्रमाण हजारी एक-दोन इतके खाली आले आहे. पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेहून ते फारसे निराळे नाही.

पोट लहान झाले म्हणून माणूस कमी खातो, एवढाच यातला अर्थ नाही. जपानी संशोधकांनी १९९९ साली 'घ्रेलिन' नावाचा एक स्राव शोधून काढला. तो मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतो आणि मेंदूस भुकेची वर्दी देतो. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो. आतड्यातून सुटणारे, तृप्तीची वर्दी देणारे स्राव वाढतात. म्हणूनच पुष्कळांची रक्तातील साखर वजन फारसे उतरण्यापूर्वीच, आठवड्या-दोन आठवड्यांत खाली येऊ लागते. येथे घरच्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावयाची. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या जुन्याच मापाने चालू ठेवल्या तर चक्कर येऊन माणूस पडावयाचा. त्यांचे माप डॉक्टरांकडून ताबडतोब ठरवून घ्यावे लागते.

तर मग सूनबाई किती किलोच्या होणार? हिशेब मांडू. त्यांच्या उंचीस २५ चा अंक म्हणजे ६४ किलो, आणि भारतीय मापाचा २३ धरला तर ५९ किलो. घरात बोलला जाणारा आकडा साधारणतः हाच असतो; कोणी तर लग्नातले वजन काढतो. आता प्रत्यक्षात काय घडते? या शस्त्रक्रियांनी वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाच्या सरासरी शेकडा २५ ते ३० वजन उतरते. १०५ किलोंचे शेकडा २५ म्हणजे सुमारे २६ किलो, आणि ३० म्हणजे साडेएकतीस. म्हणजे सूनबाई ७४ ते ७९ च्या दरम्यान कोठेतरी येऊन थांबतील. जास्तीचे जे ४१ किलो होते त्यांपैकी निम्म्याहून अधिक गेले तर शस्त्रवैद्य ती शस्त्रक्रिया यशस्वी समजतात. येथे तर जवळजवळ दोन-तृतीयांश गेले. शास्त्राच्या दृष्टीने हे उत्तम यश. आणि घरच्या दृष्टीने? ५९ ठरले होते, ७६ झाले. म्हणजे सतरा किलो 'कमी पडले'!

माझ्या मते या विषयातील खरे दुःख या सतरा किलोंत आहे. शस्त्रक्रियेच्या वेदना आठवड्यात विसरतात. परंतु "एवढे पैसे घातले, पोट कापून घेतले आणि तरी अजून जाडच," हे वाक्य कोणी आत्याबाई मुंजीच्या मांडवात बोलून गेल्या तर ते वर्षभर सलत राहते. आणि बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा असतोच असे नाही. त्यांना पहिल्या दिवशी कोणी हिशेब समजावून दिलेला नसतो, एवढेच. शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यासाठी नवरा-बायको दवाखान्यात जातात तेव्हा सासूबाईंसही बरोबर न्यावे, असे मी आग्रहाने सुचवितो. डॉक्टरांच्या तोंडून '७५' हा आकडा त्यांनी एकदा ऐकला, की पुढच्या कितीतरी गोष्टी सोप्या होतात.

७६ किलोंवर काय मिळते, याची साक्ष स्वीडनमध्ये झालेल्या एका दीर्घ अभ्यासाने दिली आहे. १९८७ साली तो सुरू झाला आणि चार हजारांहून अधिक स्थूल माणसे त्यात होती. निम्म्यांवर शस्त्रक्रिया झाली, निम्म्यांवर नेहमीचे उपचार. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत शेकडा ३२ उतरले आणि दहा वर्षांनी ते शेकडा २५ वर स्थिरावले. म्हणजे काही वजन परत आले. ते सर्वांचेच थोडेफार येते. २०२० साली याच अभ्यासातून आयुर्मानाचा हिशेब निघाला. शस्त्रक्रिया झालेली माणसे न झालेल्यांपेक्षा सरासरी तीन वर्षे अधिक जगली. तरी सर्वसाधारण जनतेच्या मानाने त्यांचे आयुष्य साडेपाच वर्षांनी कमीच राहिले. दोन्ही आकडे घरात सांगावेत. त्यातील बहुतेक माणसे कोष्टकातल्या आदर्श वजनापर्यंत कधीच पोहोचली नव्हती, आणि तरीही ती अधिक जगली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आकड्यांच्या हट्टाचे एक करुण उदाहरण मुंबईनेच पाहिले. इजिप्तमधील इमान अहमद ही स्त्री ११ फेब्रुवारी २०१७ रोजी खास मालवाहू विमानाने मुंबईस आणली गेली. चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकाने ७ मार्च रोजी तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. तिचे वजन ५०० किलोंच्या आसपास असल्याचे सांगण्यात येत होते आणि वर्षानुवर्षे ती अंथरुणास खिळलेली होती. शिवाय तिला पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला होता. रोजच्या रोज वर्तमानपत्रांत तिच्या वजनाचा आकडा येऊ लागला, जणू क्रिकेटच्या सामन्याची धावसंख्या. एप्रिलअखेर तिच्या बहिणीने सांगितलेल्या आकड्यांवर शंका घेतली, डॉक्टरांनी तिचे म्हणणे खोडून काढले, आणि रुग्णशय्येवरील बाई बाजूस राहून वाद उरला तो काट्याचा. ४ मे रोजी तिला अबूधाबीस हलविण्यात आले. २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथे तिचा अंत झाला. कोणाची बाजू खरी हे ठरविण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु इतक्या विकल देहाची सारी कथा जगाने एका आकड्यात वाचली, हे मात्र खरे.

त्याच फेब्रुवारीत, महापालिकेच्या निवडणुकीच्या दिवशी, एका प्रसिद्ध लेखिकेने अतिस्थूल पोलिसाचे छायाचित्र प्रसिद्ध करून मुंबईच्या 'जबरदस्त' बंदोबस्ताची थट्टा केली. तो पोलीस मुंबईचा नव्हताच; मध्यप्रदेशातील निरीक्षक होता आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याचा देह खादाडपणाने नव्हे, तर जुन्या आजाराने फुगलेला होता. थट्टेमुळे त्याचे नाव देशभर झाले आणि त्यातूनच मुंबईत त्याच्यावर शस्त्रक्रियाही झाली. थट्टेचा असा शेवट क्वचितच होतो. बहुधा थट्टा झालेला माणूस घरी जाऊन दार लावून घेतो. सार्वजनिक जीवनातील व्यक्तींनी ही शस्त्रक्रिया उघडपणे करवून घेतल्याने, आणि २०११ साली मुंबईत ती करवून घेणारे नितीन गडकरी हे त्यांपैकी ठळक नाव, लपवाछपवी थोडी कमी झाली, हे चांगले झाले.

आता स्वयंपाकघराकडे वळू. कारण शस्त्रक्रिया दीड तासात उरकते आणि पुढचे आयुष्यभराचे काम तेथे चालते. पहिले दोन आठवडे केवळ पातळ पदार्थ, मग घोटलेले, मग मऊ, आणि सुमारे दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, तेही चमचा-चमचा. नव्या जठरात एका वेळी जेमतेम वाटीभर मावते. आपल्या घरांत पाहुणचाराचे आणि प्रेमाचे माप आग्रह हे आहे. "अहो वहिनी, एवढेच? पक्षी तरी बरा," असे धाकटी जाऊ सहज म्हणून जाते. सासूबाई "अगं, एक घास माझ्यासाठी" म्हणून तुपाची धार सोडतात. हा एक घास येथे खरोखरच जास्त होतो: छातीत कळ येते, तोंडाला पाणी सुटते आणि उलटी होते. पंक्तीत सर्वांबरोबर बसावे, पण ताट निराळे, लहान असावे. तिचे ताट कोणी वाढू नये, तिने स्वतःच वाढून घ्यावे. जेवताना पाणी पिऊ नये, जेवणानंतर अर्ध्या तासाने प्यावे. आपल्याकडे जेवताना तांब्या-भांडे शेजारी लागते. ते सवयीने हाती जाते म्हणून दूरच ठेवलेले बरे. आणि घास सावकाश चावावा, इतका की शेजारच्याचे जेवण उरकले तरी हिचे अर्धे व्हावे. ज्या घरात बायका मागाहून उभ्या-उभ्या जेवतात, त्या घरातील सुनेने ही शस्त्रक्रिया करवून घेऊ नये असे मी म्हणणार नाही. त्या घराने ती रीतच बंद करावी असे म्हणेन.

शाकाहारी कुटुंबांपुढील मोठी अडचण प्रथिनांची. शस्त्रक्रियेनंतर दिवसास निदान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. ती न मिळाली तर चरबीबरोबर मांसही झडते, आणि हीच मघाशी म्हटलेली खर्चाची बाजू. वाटीभर वरणात सुमारे सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधात तितकेच, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा ग्रॅम. ज्या पोटात एका वेळी वाटीभरच मावते, त्यात हे साठ ग्रॅम बसवावयाचे तर भात-पोळीस जागा उरत नाही. म्हणून ताटाचा क्रम उलटा करावा लागतो: प्रथम पनीर, दही, उसळ, घट्ट वरण, मग भाजी, आणि जागा राहिलीच तर पोळीचा चतकोर. शस्त्रक्रियेनंतर चिकट भात आणि कोरडी पोळी पुष्कळांस काही महिने सोसतही नाही. अंडे खाणाऱ्यांचे थोडे सोपे होते. इतरांनी सोयाबीन आणि डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची भुकटी यांकडे नाक मुरडू नये. 'बारा' क्रमांकाचे ब जीवनसत्त्व आपल्या शाकाहारी घरांत मुळातच तुटपुंजे असते. जठर कमी झाल्यावर ते अन्नातून आणखी कमी शोषले जाते. ते, तसेच लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, बाहेरून घ्यावे लागते. आणि बायपास झालेल्यांस तर ते जन्मभर चुकत नाही. वजन उतरले, आता गोळ्या कशाला, असे म्हणून त्या बंद करणाऱ्यांस दोन-तीन वर्षांनी मुंग्या, अशक्तपणा आणि पांडुरोग घेऊन पुन्हा दवाखान्याची पायरी चढावी लागते.

उपवासाचा प्रश्न नाजूक आहे. एकादशी, संकष्टी, चातुर्मासातील सोमवार. आणि उपवासाचे म्हणून जे पदार्थ आपण करतो ते साबुदाणा, बटाटा, रताळे आणि साखर यांचेच. प्रथिनांच्या दृष्टीने, दाणे सोडले तर, ते रिकामे. बायपास झालेल्या माणसाने गोडाचा मोठा घास घेतला तर साखर एकदम आतड्यात उतरते, आणि घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब असा गोंधळ अर्ध्या तासात उडतो. पुरणपोळीचा घास, उकडीचा अर्धा मोदक, श्रीखंडाचे बोट एवढ्यावर सण भागविता येतो. आणि निर्जळी उपवास मात्र निक्षून टाळावा. धर्मशास्त्रानेही आजाऱ्यास मोकळीक दिलेली आहे, हे वडीलधाऱ्यांनी आपण होऊन सांगितले तर सुनेस ते मागावे लागणार नाही.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस पुंजक्यापुंजक्यांनी गळू लागतात. घरात घबराट होते, तेले आणि लेप येतात. बहुधा ते आपोआप थांबते आणि केस परत येतात. प्रथिने व लोह पुरेसे असले म्हणजे झाले. परंतु काही लक्षणे घरगुती उपायांवर सोडण्यासारखी नाहीत. दिवसानुदिवस उलट्या होत असतील तर लिंबू-सरबत देत बसू नये. थायमिन या जीवनसत्त्वाचा साठा शरीरात फार थोडा असतो, तो काही आठवड्यांत संपून मज्जातंतूंस कायमची इजा पोहोचू शकते. पहिल्या दिवसांत ताप, नाडी जलद होणे, पोटात वाढती कळ, ही शिवण सुटल्याची खूण असू शकते. वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, तेव्हा उजव्या बरगडीखालच्या कळेस 'वायू झाला' म्हणून ओवा देऊन गप्प बसू नये. आणि बायपासनंतर अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणून घेऊ नये; तिने जोडावर व्रण होतो.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या घरांत स्पष्ट बोलली जात नाही. वजन उतरले की पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते. ज्या सुनेस मूल नाही तिच्या बाबतीत घरात लगेच आशा पालवते. परंतु पहिले बारा ते अठरा महिने गर्भ राहू देऊ नये, असा सल्ला आहे. त्या काळात आईचेच पोषण उणे चाललेले असते. पोटातून घ्यावयाच्या गर्भनिरोधक गोळ्या बायपासनंतर पुरेशा भरवशाच्या राहत नाहीत, म्हणून दुसरा उपाय डॉक्टरांस विचारून ठरवावा. सासूबाईंनी दीड वर्ष हा विषय काढू नये, इतके त्यांच्याकडून मागणे जास्त होऊ नये.

आठव्या-नवव्या महिन्यात काटा एका जागी खिळतो. महिना-महिना आकडा हलत नाही. हे अपयश नव्हे. लहान झालेल्या देहास खर्चच कमी लागतो, आणि तो अपेक्षेहूनही कमी करण्याची युक्ती देह जाणतो. या सुमारास चालणे आणि स्नायूंस ताण देणारा व्यायाम यांचे मोल फार. साकीनाक्यात चालावयाचे कोठे, हा प्रश्न आहेच. पदपथावर दुकाने, दुचाक्या आणि गटारांची झाकणे. पहाटे पवई तलावाच्या बाजूस जाणे ज्यांना जमते ते भाग्यवान. इतरांस इमारतीचा जिना आहे, गच्ची आहे. घरात पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उचलण्यास तर मुंबईतली जागाही पुरते.

उतरलेल्या वजनाबरोबर कातडी उतरत नाही. दंड, पोट, मांड्या येथे ती लोंबते, पावसाळ्यात घड्यांत खाजते. ती काढण्याची शस्त्रक्रिया वजन स्थिर झाल्यावर होऊ शकते, पण ती बहुधा सौंदर्यासाठी समजली जाऊन विम्यात बसत नाही. मूळ शस्त्रक्रियेबाबत मात्र विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली नियम एकसारखे केले. डॉक्टरांचा सल्ला, वय अठरा पुरे, आणि अंक ४० अगर त्याहून अधिक, किंवा ३५ अगर त्याहून अधिक असून हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह, तीव्र निद्राश्वासरोध यांसारखे आजार असल्यास, आणि सौम्य उपायांना यश आलेले नसल्यास, लठ्ठपणाच्या नावाखाली दावा नाकारला जाऊ नये, असा त्याचा आशय आहे. आमच्या सूनबाई ४१ च्या असल्याने त्या यात बसतात. पॉलिसीतील प्रतीक्षाकाल तेवढा आधी वाचून पाहावा. २०२५ पासून भूक मंदावणारी नवी इंजेक्शनेही भारतात मिळू लागली आहेत. ती थांबविली की वजन बहुतांशी परत येते, आणि फार मोठ्या वजनास शस्त्रक्रियेइतका उतार त्यांनी सहसा पडत नाही. तरी ज्यांस शस्त्रक्रिया नको अगर शक्य नाही त्यांस, आणि शस्त्रक्रियेनंतर वजन परत चढू लागलेल्यांस, तो विचार करण्याजोगा मार्ग आहे.

समजा दीड वर्ष लोटले आणि सूनबाई ७६ वर स्थिरावल्या. मधुमेहाच्या गोळ्या बंद आहेत. रात्रीचे घोरणे थांबले आहे, तेव्हा शेजारच्या खोलीतली मुलेही स्वस्थ झोपतात. मेट्रोचा जिना त्या न थांबता चढतात. यापुढे काटा आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी पाहावा. रोज पाहणे हा मनास लावून घेतलेला रोग होय. कमरेचा घेर टेपने महिन्यातून एकदा मोजावा. याज्ञिक-युडकिन यांच्या छायाचित्रातला फरक टेपलाच अधिक कळतो. वजन नीचांकावरून पाच-सहा किलो वर सरकले तर लाजून दवाखाना चुकवू नये, लगेच जावे. बहुतेक माणसे नेमकी याच वेळी जाण्याचे टाळतात. आणि दर वर्षी एका ठराविक महिन्यात, दिवाळीपूर्वी घराची झाडलोट होते त्या सुमारास म्हणा, रक्त तपासून घ्यावे: हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, ब-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि साखर. त्या तपासणीचा कागद कपाटात ठेवण्याऐवजी डॉक्टरांना दाखवून आणण्याचे काम घरातील एका माणसाकडे नेमून द्यावे. आमच्या या कुटुंबात ते सासऱ्यांकडे द्यावे असे मला वाटते, कारण निवृत्त माणसास ठरलेल्या तारखेची कामे आवडतात.